खातं लेकाचं, पैसा आईचा

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत एखाद्या घरचा मुलगा परदेशी गेला, की चार-सहा महिन्यांत एक सल्ला त्या घरी येऊन पोचतो. देणारा कधी पुण्यातला मावसभाऊ असतो, कधी बँकेत ओळख असलेला पाहुणा. पैसे आईच्या खात्यात पाठवू नकोस; पुण्यात तुझ्याच नावाचं एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं उघड, त्याचं एटीएम कार्ड घरी ठेव, लागतील तसे काढतील. ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्याकडे मुलाने कॉलेजात असताना उघडलेलं साधं बचत खातंच पुढे चालू राहतं. कार्ड आईच्या पिशवीत, पिन कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला, आणि ओटीपी मात्र सातासमुद्रापार मुलाच्या फोनवर. तो तिकडे झोपलेला असला की इकडे खताच्या दुकानात आई ताटकळत उभी.

हा सल्ला आता सल्ला राहिलेला नाही, रीत झाली आहे. तिच्याविरुद्ध बोलायचं तर आधी तिची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. पूर्वपक्ष लंगडा करून मग त्याला पाडण्यात पुरुषार्थ नसतो. तर पूर्वपक्ष असा : परदेशातला पैसा आईच्या खात्यात आला की कर लागतो. गावच्या शाखेत परदेशातून पैसे येतच नाहीत, आले तर वाटेतच कापले जातात. आईला व्यवहार कळत नाही, तिला कुणीही फसवेल. आणि एनआरई खात्यावरचं व्याज करमुक्त असताना ते सोडायचं कशाला? याखाली आणखी एक कारण आहे. ते कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ते शेवटाकडे घेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : घरखर्चासाठी, औषधपाण्यासाठी, भात लावणीच्या मजुरीसाठी पाठवलेला पैसा ज्या माणसासाठी आहे त्याच्याच नावच्या, त्याच्या तालुक्यातल्या खात्यात थेट जमा व्हावा. मुलाची स्वतःची बचत हा वेगळा विषय आहे. दोन्हींची सरमिसळ केल्यामुळेच सगळा घोळ होतो.

कराचा आक्षेप सगळ्यात मोठ्या आवाजात केला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. मुलाने आईवडिलांना दिलेली रक्कम ही आयकर कायद्याच्या लेखी नातेवाइकाकडून मिळालेली भेट. तिच्यावर घेणाऱ्याला कर नाही, रक्कम कितीही असो. 50,000 रुपयांची जी मर्यादा लोकांच्या तोंडी बसली आहे, ती नात्याबाहेरच्या माणसाने दिलेल्या पैशाची. मुलाच्या मित्राने त्याच्या खात्यातून पाठवले, तर ती लागू होईल. मुलाने पाठवले तर नाही. ‘दहा लाखांवर गेलं की बँक कळवते’ हेही असंच अर्धवट कानावर आलेलं. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा त्याहून अधिक रोख भरली गेली तर बँक आयकर खात्याला कळवते. परदेशातून खात्यावर जमा झालेली रक्कम रोख नव्हे. तिच्यामागे तर पाठवणाऱ्याचं नाव, देश आणि कारणाचा संकेतांक या सगळ्यांची नोंद असते. कुटुंबाच्या निर्वाहासाठी अनिवासी भारतीयाने पाठवलेल्या पैशाला रिझर्व्ह बँकेचा स्वतंत्र संकेतांकच आहे : पी 1301. इतका सरळ कागद आपल्या गावच्या जमीनव्यवहारातही सापडायचा नाही.

मग त्या पैशावर पुढे मिळणाऱ्या व्याजाचं काय? इथे कायद्याने आई आणि बायको यांत एक फरक केला आहे, तो माहीत असलेला बरा. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशातून जे उत्पन्न निघतं, ते नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. आईवडिलांना दिलेल्या पैशाचं तसं नाही. त्यावरचं उत्पन्न त्यांचं स्वतःचं. आता आमच्याकडच्या आईचं उत्पन्न काय असतं? भाताचं आणि थोडंफार दुधाचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंतच्या इतर उत्पन्नावर करच नाही. महिन्याला पंचवीस हजार येऊन महिन्याच्या अखेरीस हजार-दोन हजार उरणाऱ्या खात्यावर व्याज ते किती, आणि त्यावर कर तो कसला!

खरी गंमत पुढे आहे. कराच्या भीतीने ज्या जुन्या बचत खात्यावर मुलगा पैसे पाठवत राहतो, तेच खातं कायद्याने चालू ठेवता येत नाही. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे माणूस नोकरीसाठी परदेशी राहायला गेला, की त्याचं निवासी खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या साध्या खात्यात बदलून घ्यावं लागतं. आणि तसं बदललं की त्याच्या बचतीवरच्या व्याजातून 30 टक्के कर, वर उपकर, बँक आधीच कापून घेते. आईच्या साध्या बचत खात्याच्या व्याजातून बँक मुळीच कर कापत नाही. म्हणजे कर चुकवायला ज्या घरात शिरलो, तिथेच कर दबा धरून बसलेला. तर्कशास्त्रात अशा हेतूला विरुद्ध हेत्वाभास म्हणतात : जो हेतू साध्य सिद्ध करायला पुढे केला, तो त्याच्या उलटच सिद्ध करतो.

राहिलं एनआरई. त्यावरचं व्याज करमुक्त आहे, पैसा परत बाहेर नेता येतो, दोन्ही खरं. पण या सवलती बचतीसाठी आहेत. पाच वर्षांनी परत येऊन कापूरहोळला गॅरेज टाकायचं म्हणून जो मुलगा पैसा साठवतो, त्याने तो एनआरईतच ठेवावा. त्याबद्दल माझा वाद नाही. आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसे अमेरिकेला परत न्यायची सोय कुणाला हवी आहे?

आता वाटेचा प्रश्न. ‘भोरच्या शाखेला स्विफ्ट कोड नाही, मग पैसे येणार कसे?’ हा प्रश्न मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकला आहे. स्विफ्ट ही 1973 साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था पैसे वाहून नेत नाही, निरोप वाहून नेते. तिकडची बँक आणि इकडची बँक यांची एकमेकींकडे खाती असतात, किंवा दोघींची खाती तिसऱ्या एखाद्या बँकेत असतात. निरोप मिळाला की एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. डॉलरच्या नोटा कुठल्याच विमानातून येत नाहीत. इकडच्या बँकेची परकीय चलनाचं काम पाहणारी शाखा मुंबईत किंवा पुण्यात असते, कोड तिचा लागतो; आणि खाते क्रमांक भोरचा असला की तिथून पुढचा प्रवास बँकेच्या आतल्या आत होतो. गावच्या पत्त्यावर आलेलं पत्र आधी जिल्ह्याच्या गावी उतरतं, म्हणून ते गावाला येत नाही असं आपण कधी म्हणतो का?

आणि आता बहुतेक मुलं स्विफ्टच्या वाटेला जातही नाहीत. परदेशातल्या पैसे पाठवणाऱ्या सेवा भारतीय बँकेकडे आधीच रुपयांचं खातं ठेवून असतात. मुलाने तिकडे दिरहम किंवा डॉलर भरले, की इकडे त्या रुपयाच्या खात्यातून आईच्या खात्यावर एनईएफटी होते. रिझर्व्ह बँकेची याला मान्यता आहे. रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट नावाची ती व्यवस्था. त्यासाठी लागतो तो आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, अकरा अक्षरांचा, आणि तो गावच्या शाखेला असतो. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी रविवार-सणवार न पाहता चोवीस तास चालते. सिंगापूरला असलेल्यांसाठी तर 21 फेब्रुवारी 2023 पासून तिथली पेनाऊ आणि आपली यूपीआय जोडलेली आहे. ज्या दोन गोष्टी खरंच आडव्या येतात त्या साध्या आहेत. एक, 2019 आणि 2020 मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. जुन्या पासबुकावरचा कोड पाठवून मग ‘गावात पैसे येत नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन, पाठवणाऱ्या सेवेच्या यादीत जिल्हा बँक किंवा पतसंस्था नसू शकते. मग राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत खातं काढावं. भोर, नसरापूर, वेल्हे यांपैकी कुठेतरी आठवड्याच्या बाजाराला बाई जातेच.

कापाकापीबद्दल थोडं. जीएसटी लागतो, पण पैशावर नाही, चलन बदलून देण्याच्या सेवेवर. एक लाखापर्यंतच्या रकमेला त्या सेवेचं मूल्य एक टक्का धरतात, निदान 250 रुपये, आणि त्यावर 18 टक्के. 50,000 आले तर 500 रुपयांवर 90 रुपये. एनआरई हे रुपयाचंच खातं असल्यामुळे तिथेही चलन बदलतंच, कर लागतोच. तेव्हा आईच्या खात्याने नवं काही पाप केलेलं नाही. खरी कापाकापी दरात असते. ‘शुल्क शून्य’ अशी पाटी लावून बाजारात 85 चा डॉलर 83 रुपये 50 पैशांनी घेतला, तर 500 डॉलरमागे 750 रुपये गेले, आणि पावतीवर त्याची ओळसुद्धा नाही. जागतिक बँकेच्या हिशेबात 200 डॉलर पाठवायला जगभरात सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो, आणि सगळ्यात महाग वाट बँकेचीच पडते. संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं ठरवलं आहे. मुलाने विचारायचा प्रश्न ‘शुल्क किती’ हा नाही. ‘आईच्या खात्यात नेमके रुपये किती पडतील’ हा आहे. आणि तो विचारायचा तर आईचं खातं हवं! अमेरिकेतून पाठवण्यावर 1 जानेवारी 2026 पासून जो एक टक्का कर आला, त्यानेही गावात बरीच हवा केली. तो रोख, मनिऑर्डर वगैरे देऊन पाठवणाऱ्यांना आहे, आपल्या बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवणाऱ्यांना नाही.

एक अडचण मात्र सल्लागारांच्या लक्षात आलेली नाही. ती त्यांनी मांडली असती तर मी निम्मा हरलो असतो. 2014 च्या जनधनच्या लाटेत आणि त्याआधी काही खाती पुऱ्या कागदपत्रांशिवाय, ‘छोटं खातं’ म्हणून उघडली गेली. अशा खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक 50,000 च्या वर जाऊ शकत नाही, महिन्याला 10,000 च्या वर काढता येत नाही. आणि खातेदाराची ओळख पूर्ण पटेपर्यंत परदेशातून आलेली रक्कम त्यात जमाच करता येत नाही. पैसे आले आणि परत गेले, अशा ज्या हकिकती ऐकू येतात, त्यांतल्या काहींचं मूळ इथे असतं. दुसरं मूळ नावात. पासबुकावर ‘बाई’ लागलेलं, आधारवर गळलेलं. एका ठिकाणी नवऱ्याचं नाव मधे, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं. इंग्रजी स्पेलिंग तर ज्या कारकुनाने लिहिलं त्याच्या मर्जीचं. आणि दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, ते तिसरं. पण या तिन्ही अडचणी शाखेत एक अर्ज देऊन, आधार आणि फोटो जोडून सुटणाऱ्या आहेत. त्यांच्यावरचा इलाज म्हणून आईचं खातंच पुसून टाकायचं, हे उवा झाल्या म्हणून डोकं कापण्यासारखं झालं.

‘आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालतं’ असंही कुणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला मला आवडेल, कारण इथे परंपरा माझ्या बाजूने आहे.

रत्नागिरी-राजापूरसारखी आखाताची परंपरा आमच्याकडे नाही. आमची परंपरा मुंबईची. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं या भागांत भात एकदा निघालं की हाताला काम नसायचं. डोंगरउताराची जमीन, तीही वाटण्या होऊन चिंध्या झालेली. 1920 च्या दशकात भाटघरचं मोठं धरण झालं, पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी झाली. खालच्या बागायती भिजल्या आणि वरच्या वाड्यांची खाचरं पाण्यात गेली. माणसं गिरण्यांत, गोदीत, बाजारांत हमालीला गेली. आणि तिथून घरी यायची ती मनिऑर्डर. टपाल खात्याने 1880 साली ही सोय सुरू केली. तिची रचना आठवा. फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि गाव. पोस्टमन पायवाट तुडवत वाडीवर यायचा, ज्या बाईच्या नावाने पैसे आले तिलाच बोलवायचा, साक्षीदारासमोर तिचा अंगठा घ्यायचा, नोटा तिच्या हातावर मोजायचा. आणि तिच्या अंगठ्याची पोचपावती परत मुंबईला खोलीवर जायची. नवरा मुंबईला, सासरा पडवीत. तरी नाव तिचं असेल तर अंगठा तिचाच लागायचा. संस्थानकाळातली, अक्षरशत्रू बाई टपाल खात्याच्या लेखी पैशाची पुरी मालकीण होती. तिची नात दहावी झालेली, बचत गटाचं रजिस्टर लिहिणारी, आणि तिच्या हातात मुलाच्या नावाचं कार्ड!

मनिऑर्डरच्याही आधी हुंडी होती. सावकारी पेढ्यांवर हुंड्यांचे प्रकार ठरलेले असत : शहाजोग म्हणजे पत असलेल्या सावकारालाच द्यायची, धनीजोग म्हणजे हुंडीचा धनी म्हणून जो येईल त्याला द्यायची, आणि नामजोग म्हणजे ज्याचं नाव लिहिलं आहे त्याच माणसाला द्यायची. पैसा लांब पाठवताना तो कुणाच्या नावाने जातो, ही गोष्ट आपल्या लोकांना इतकी महत्त्वाची वाटत होती की प्रत्येक प्रकाराला त्यांनी वेगळा शब्द घडवला. आजची रीत यांपैकी कशातच बसत नाही. पाठवणारा स्वतःच्याच नावाची हुंडी स्वतःलाच लिहितो, आणि ती सांभाळायला आईकडे ठेवतो. तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, अशी परंपरेची कथा आमच्या तालुक्यात पोरासोरांना पाठ असते. त्या कथेतल्यासारखा हंडा घरात आला खरा, पण आईच्या वाट्याला आलं ते हंड्यावरच्या नागाचं काम.

फसवणुकीचा आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. फोन येतात, ‘केवायसी संपली’ म्हणतात, म्हाताऱ्या माणसांची खाती धुऊन नेतात. ही भीती खोटी नाही. पण ती कोणत्या बाजूला वजन टाकते ते पाहा. मुलाचं एनआरई खातं म्हणजे त्याची सगळी जमा. त्या सगळ्या जमेपुढे कुलूप एकच, चार आकडी पिन, आणि तो कॅलेंडरमागे. कार्ड चोरीला गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, खातेदाराने आपला पिन दुसऱ्याला दिल्यामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत खातेदारानेच सोसायचं असतं. आईला पिन देणं हेही बँकेच्या लेखी दुसऱ्याला देणंच. उलट आईच्या खात्यात महिन्याचा खर्च महिन्याला आला, तर वाईटात वाईट एक महिना बुडेल; आणि चूक तिची नसेल व तिने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर बाहेरच्या चोरीचं नुकसान तिच्यावर येत नाही. सायबर फसवणूक कळवायचा 1930 हा क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून देणं हे पिन लपवायला जागा शोधण्यापेक्षा सोपं आहे.

शिवाय ‘तिला खातं कुठे चालवता येतं’ हा मुद्दा आता सरकारनेच निकालात काढला आहे. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये बायकांच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. वयाने त्यात न बसणाऱ्यांपैकी काहींना श्रावणबाळचे पैसे तसेच येतात. योजनेबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण वेल्ह्याच्या (ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं ठरलं आहे) एकेका वाडीतली बाई रांगेत उभी राहून दीड हजार काढून आणते. दीड हजाराला ती शहाणी आणि पंचवीस हजाराला अडाणी, हे गणित कसं मांडायचं? 2018 पासून टपाल खात्याची बँकही आहे. पोस्टमन हातातल्या यंत्रावर बोट ठेवायला सांगतो आणि कुठल्याही बँकेतल्या, आधार जोडलेल्या खात्यातून दारात रोख देतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत. मनिऑर्डरचा अंगठाच फिरून आला म्हणायचं. फक्त हा अंगठा स्वतःच्या खात्यातूनच पैसे काढतो. लेकाच्या खात्याला आईचा अंगठा चालत नाही. (लावणीच्या दिवसांत चिखलात बोटं झिजलेली असतात, यंत्र ती ओळखत नाही, हेही खरं. तेव्हा पासबुक घेऊन शाखेतच जावं लागतं.)

नियमाने वागायचं ठरवलं तरी लेकाच्या खात्यावर आईला जागा मिळू शकते. एनआरई खात्यात निवासी नातेवाइकाचं नाव ‘पहिला किंवा मागे राहणारा’ या अटीवर जोडता येतं, आणि पहिला हयात असेतो तो नातेवाईक मुखत्यार म्हणून खातं चालवू शकतो. चांगली सोय आहे. ती वापरलेली मी आमच्याकडे फारशी पाहिलेली नाही. आमचा भर कार्डावरच. आणि नुसतं मुखत्यारपत्र केलं असेल, तर ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. 1872 च्या करार कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे. असं लिहिणं अभद्र वाटतं, पण आखातात बांधकामावर असलेल्या, बोटीवर असलेल्या मुलांच्या घरी हा प्रसंग येतो. त्या दिवशी कार्डही कायद्याने मेलेलं असतं. हिंदू वारसा कायद्यात आई ही पहिल्या वर्गाची वारस आहे, सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीने. पण वारस असणं वेगळं आणि पुढच्या सोमवारी किराण्याची उधारी चुकती करणं वेगळं. मधल्या काळात दाखले, प्रतिज्ञापत्रं, परदेशातून यायचे कागद. तिच्या स्वतःच्या खात्यात दोन महिन्यांचा खर्च पडलेला असता, तर निदान दिवसपाणी कुणापुढे हात न पसरता झालं असतं.

आता ते न बोललेलं कारण. पैसा आईच्या नावावर गेला की तो आईचा होतो. मग ती त्यातले पाच हजार माहेरी देईल, लेकीला देईल, धाकट्याला मोटारसायकलीच्या हप्त्याला देईल. ही भीती मुलाची असते, त्याहून जास्त सुनेची असते, आणि ती मानवी आहे. पण मग ती तशीच म्हणावी. कर, स्विफ्ट आणि ओटीपी यांच्या आड लपवू नये. आणि दिलेला पैसा दिलेला नसतोच, या वृत्तीची किंमत एका ठिकाणी फार मोठी पडते. ते ठिकाण म्हणजे जमीन.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. आमच्याकडे धरणांच्या काठाने, किल्ल्यांच्या पायथ्याने जमिनींना सोन्याचा भाव आला, तसा यावर तोडगा निघाला : आई सातबाऱ्यावर शेतकरी आहेच, तिच्या नावावर घेऊ, पैसे आपले, उद्या बघू. ‘नावावर घेऊ’ हे दोन शब्द किती सहज तोंडातून जातात! बेनामी व्यवहारांचा कायदा 2016 साली कडक झाला. बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर, ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. आईवडिलांच्या नावावर घ्यायची तर सूट मिळायला पैसे देणाऱ्याचं नावही सहमालक म्हणून लागतं, आणि शेतजमिनीत अनिवासी मुलाचं नाव तर लावताच येत नाही. म्हणजे पैसा मुलाचा आणि नाव आईचं, असं केलेलं तेवढं बेनामीच्या कक्षेत जाऊन पडू शकतं. जमीन जप्त होते. याच जागी मुलाने आईला पैसे खरोखर दिले असते, तिच्या खात्यात भेट म्हणून जमा करून, आणि तिने स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या मालकीची जमीन घेतली असती, तर तिच्या मालकीला बोट लावायला जागा नव्हती. मग तिने ती कुणाला द्यायची, हेही तिनेच ठरवलं असतं.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे, नाहीतर कुणी मला अर्धवट म्हणेल. मुलाने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर तो कायद्याच्या लेखी परदेशी माणूस झाला. त्याच्याकडून वर्षात 10 लाखांपेक्षा जास्त आले तर आईने तीन महिन्यांच्या आत परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली सरकारला कळवायला हवं. आणि ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराची वर्गणी त्याने आईच्या खात्यावर टाकून आईने ती ट्रस्टला द्यायची, असं करू नये. त्या वाटेला वेगळी परवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला यांतलं काहीच लागू नाही.

जाता जाता एक आकडा. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या पैशांपैकी 20.5 टक्के महाराष्ट्रात आले, केरळात 19.7. आपण पहिले म्हणून वर्तमानपत्रांनी पाठ थोपटून घेतली. ही पाहणी बँकांना विचारून केलेली, आणि बँकेला खातं जिथलं तिथला पैसा दिसतो. केरळातला मुलगा गावच्या शाखेत पाठवतो, आमचा मुलगा पुण्याच्या शाखेत स्वतःलाच पाठवतो, आणि आई नसरापूरच्या एटीएममधून दोन-दोन हजार काढते. त्या आकड्यात भोर नाही, वेल्हे नाही. शाखेच्या व्यवस्थापकालाही या बाईच्या घरी दरमहा काय येतं हे माहीत नसतं. म्हशीसाठी कर्ज मागायला गेली की तो तिचं रिकामं पासबुक चाळतो.

गणपतीला मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा हे एका सकाळीत होण्यासारखं आहे. आईबरोबर शाखेत जावं. खातं पुऱ्या केवायसीचं आहे ना, आधार जोडलं आहे ना, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं ना, नवा आयएफएससी कोणता, वारसनोंद झाली आहे का, एवढं विचारून घ्यावं. आपलं जुनं बचत खातं तिथेच बदलून घ्यावं. परत गेल्यावर पहिल्यांदा हजार-दोन हजारच पाठवावेत. मग आईला फोन करून पासबुक भरून आणायला सांगावं. छपाईचं मशीन त्या दिवशी चालू असेलच असं नाही. नसलं तर पुढच्या बाजाराच्या दिवशी.